दुर्वाचं लाल कडं

मे महिन्यात परसातल्या रायवळ आंब्याखाली बसून दुर्वाने सालीसकट आंबे चोखले आणि दुसऱ्या दिवशी तिच्या ओठांच्या कडांना बारीक, पाणीदार फोड आले. वेंगुर्ल्याच्या बाजूला एवढ्याशा गोष्टीचं कोणी नवल करत नाही. मैथिलीच्या सासूबाईंनी तर कोकमाची सोलं वाळत घालायचं हातातलं कामही थांबवलं नाही.

"चिकान तोंड आलाहा तिचा. खोबरेल लाव, दोन दिवसान बरा जाता. काजी सोलणाऱ्या बायांचे हात बघ, तशेच."

पण मैथिली म्हणजे पोरीच्या अंगावर बसलेल्या डासाचीही चौकशी करणारी आई. तिने दुर्वाची हनुवटी उजेडाकडे वळवली. जिथून चीक ओघळला होता तिथेच फोड एका रेषेत उठले होते. कडा लाल, मध्ये पाणी, आणि खाज एवढी की पोरगी हात मागे ठेवायला तयार नव्हती.

"आई, सोड ना. किती बघतेस!"

"थांब गं जरा."

हे फोड तिने पूर्वी पाहिले होते. तोंडावर नव्हे, कमरेभोवती. दुर्वा वर्षाची होती तेव्हा.

ते आठवलं मात्र, मैथिली हनुवटी सोडून सोलांच्या सुपाशेजारीच खाली बसली. कारण त्या फोडांमुळेच दुर्वाच्या मनगटात लाल कडं आलं होतं, आणि त्या कड्यापायी सात वर्षांच्या पोरीचं काळीज आतल्या आत खराब होत चाललं होतं.

*

लाल कड्याची हकिगत थोडी मागून सांगायला हवी.

औषधाची ॲलर्जी हा पूर्वी बराचसा अंदाजाचा मामला होता. डॉक्टर विचारायचे, "कशाची ॲलर्जी आहे का?" आणि माणूस आठवेल ते सांगायचा. लहानपणी कधीतरी पुरळ उठलं होतं, आई म्हणायची पेनिसिलिन चालत नाही, असलं काहीतरी. त्यातल्या बहुतेकांना पेनिसिलिन खुशाल चालत असे. पुरळ तापाचं असायचं आणि आळ औषधावर यायचा. पण ज्या थोड्यांना खरीच ॲलर्जी असे, त्यांच्यातल्या एखाद्याचा इंजेक्शननंतर पाहता पाहता घसा सुजायचा, श्वास अडकायचा, रक्तदाब कोसळायचा. खरा कोण आणि खोटा कोण हे ओळखायला डॉक्टर त्या माणसाला समोर बसवून औषध चिमूटभर देत, वाट बघत, मग उरलेलं देत. वेळखाऊ काम, आणि जिवाला घोर लावणारं.

मग स्मृतिवाचक आला. आपल्या रक्तात पहाऱ्यावरच्या पेशी असतात. एकदा एखादा पदार्थ त्यांनी शत्रू ठरवला की त्याची खूण त्या वर्षानुवर्षं जपून ठेवतात. हे यंत्र रक्ताच्या थेंबातून ती खूण वाचायचं आणि सांगायचं, या माणसाला हे औषध चालेल, ते चालणार नाही. निकाल मनगटातल्या कड्यात जायचा. देशातल्या प्रत्येक दवाखान्यातलं औषधांचं कपाट आधी कडं वाचायचं आणि मगच कुलूप उघडायचं. औषधाने दगावणाऱ्यांच्या बातम्या बघता बघता बंद झाल्या. लोकांनी दुवा दिला, आणि तो दुवा खोटा नव्हता. फक्त ते चिमूटभर देऊन बघणं डॉक्टर हळूहळू विसरून गेले. पोहायला शिकायची गरजच काय, विहिरीला जाळी बसवली की!

दुर्वाचा पहिला वाढदिवस झाला आणि तिचा कान फुटला. डॉक्टरांनी ॲमॉक्सिसिलिनचं गुलाबी औषध दिलं. ते पेनिसिलिनचंच भावंड. चौथ्या दिवशी कमरेभोवती फोड उठले, पोटावर पसरले, पापण्या सुजल्या. दवाखान्यात रक्त घेतलं आणि स्मृतिवाचकाने निकाल दिला: पेनिसिलिन गट, लाल. त्या इवल्या मनगटात कडं चढताना मैथिलीने खरंच हात जोडले होते. वाटलं, आता हिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारं आपल्यासारखंच आणखी कोणीतरी आहे.

मागच्या वर्षी दुर्वाचा घसा धरला. साधा घसाच, पण तो बरा झाल्यावर गुडघे सुजले, मग घोटे, मग ती चालताना धापा टाकायला लागली. घशातल्या जंतूशी लढणाऱ्या शरीराने चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपेवर हल्ला केला होता. संधिवाताचा ताप. यावर जुनं, स्वस्त आणि खात्रीचं औषध म्हणजे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. अनेक वर्षं घ्यायचं, म्हणजे तो जंतू पुन्हा घशात ठाणच मांडत नाही.

कपाट उघडलं नाही. लाल.

त्याऐवजी रोजच्या गोळ्या मिळाल्या. मैथिलीने एकही चुकवली नाही. लग्नात, प्रवासात, देवळात, जिथे असेल तिथे पर्स उघडून गोळी काढली. तरीही जानेवारीत त्या तापाचा दुसरा झटका आला. हृदयाच्या डॉक्टरांनी पडद्यावर झडप दाखवली. रक्त पुढे जायचं ते थोडं थोडं मागे गळत होतं. ते म्हणाले, "या गोळ्या इंजेक्शनइतक्या भरवशाच्या नाहीत. तिसरा झटका आला तर झडप वाचेल असं मी सांगू शकत नाही."

"मग इंजेक्शन द्या ना."

त्यांनी कड्याकडे बोट केलं. "यंत्र नाही म्हणतं."

*

"आई," मैथिलीने सोलांच्या सुपाशेजारूनच विचारलं, "दुर्वाचा कान फुटला होता, तेव्हा तिच्या कमरेला बिब्बा बांधला होता ना?"

सासूबाईंचे हात थांबले. "ताप उतरत नव्हतो. दीष्ट लागली असतली म्हणून मीच बांधललंय. काळ्या दोऱ्यात ओवून. त्याचा आता काय?"

"ओवलात कसा?"

"ओवतत तसोच. सुई तापवली नि भोसकलंय."

मैथिलीने डोळे मिटले. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेऊन ती पहिल्या वर्गात पास झाली होती आणि आंबा, काजू आणि बिब्बा एका कुळातले आहेत हे तिने परीक्षेत लिहिलंही होतं. तिघांच्याही चिकात तेलाची एक जात असते. ती कातडीला लागली की तिथल्या प्रथिनांना चिकटून बसते आणि पहाऱ्यावरच्या पेशी त्या चिकटलेल्या जोडगोळीला परकं समजतात. एक ते चार दिवसांनी फोड उठतात. गावात त्याला बिब्बा उतला म्हणतात. आणि बिब्ब्याला तापलेली सुई टोचली की तेल बाहेर येणारच.

तिने तेव्हा सांगितलंही होतं. दवाखान्यात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता. ती म्हणाली होती, "हिच्या कमरेला बिब्बा होता हो." त्याने पडद्यावर शोधलं. बिब्बा यादीत नव्हता. ॲमॉक्सिसिलिन होतं. त्याने ते दाबलं.

"म्हणजे आता माझ्यारच खापर फोडतंस?" सासूबाईंचा आवाज चढला. "धा पोरांक बांधलंय मी बिब्बे. कोणाक काय झाला नाय."

"खापर नाही हो फोडत. उलट तुमचा बिब्बाच हिला वाचवणार आहे."

सासूबाईंनी संशयाने सुनेकडे पाहिलं. कौतुक आहे की टोमणा, हे त्यांना कळेना.

पण मग यंत्राला रक्तात काय दिसलं होतं? त्यासाठी मैथिलीला पुढचे काही दिवस वाचावं लागलं. पेनिसिलिनसुद्धा शरीरातल्या प्रथिनांना असंच चिकटतं. अशा चिकटणाऱ्या पदार्थांची पेशींवरची खूण एकमेकींसारखी दिसते, मावसबहिणींच्या चेहऱ्यासारखी. स्मृतिवाचकाला हजारो औषधांच्या खुणा शिकवल्या होत्या. बिब्ब्याची खूण कोणी शिकवलीच नव्हती. ज्यांनी यंत्र घडवलं त्यांच्याकडे कोण बिब्बा बांधतं? यंत्राला खूण खरीच दिसली. तिला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्याने माहितीतलं सगळ्यात जवळचं नाव दिलं.

तिने यंत्र बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं. क्षणात उत्तर आलं: तुमच्या काळजीबद्दल आम्ही आभारी आहोत, निकालाची अचूकता अतिशय उच्च आहे, कृपया मुलाला पेनिसिलिन देऊ नये. दुर्वा मुलगी आहे एवढंही त्या उत्तराला ठाऊक नव्हतं.

*

तिचा नवरा पुष्कर ऐकून घेताना जेवत होता. सगळं ऐकून त्याने ताट बाजूला सारलं.

"मैथिली, तुला कळतंय का तू काय म्हणतेस? ज्या औषधाचं नाव काढलं तरी तुझे हात थरथरायचे, ते तू तिला द्यायला निघालीस?"

"अजूनही थरथरतात."

"मग?"

"मग थरथरत्या हातांनी देईन. गोळ्या घेऊनही दुसरा झटका आला, पुष्कर. तिसऱ्याची वाट बघत मी घरात बसणार नाही."

"त्या मशीनने कोट्यवधी लोकांचं रक्त बघितलंय. तू?"

"मी एकाच पोरीला बघितलंय. रोज."

"आणि तुझं चुकलं तर? ती माझीपण मुलगी आहे ना?"

चुकलं तर काय, हे तिने त्याच्यापेक्षा शंभर वेळा जास्त पाहिलं होतं मनातल्या मनात. ती एवढंच म्हणाली, "म्हणून घरी नाही देणार. जिथे बिघडलं तर सावरता येईल तिथेच देणार."

"मी संमतीचा अंगठा देणार नाही."

"एका पालकाचा पुरतो," मैथिली म्हणाली आणि उठून ताटं आवरू लागली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्याला एवढं तोडून ती पहिल्यांदाच बोलली होती. तो जागचा हलला नाही. सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या, पण त्याही बाहेर आल्या नाहीत.

*

कायद्यात एक फट होती. डॉक्टर आणि पालक दोघांनी अंगठा दिला तर यंत्राचा निकाल डावलता येत होता. मात्र काही बरंवाईट झालं तर विमा नाही, संरक्षण नाही, आणि डॉक्टरच्या परवान्याची चौकशी ठरलेली. तीन डॉक्टरांनी मैथिलीला दारातूनच परत पाठवलं. एकाने तर, "ताई, गूगल करून औषधं ठरवायचे दिवस गेले," असंही ऐकवलं.

जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात मुलांच्या विभागात डॉ. लोबो होत्या. केस पिकलेले, चष्मा कपाळावर, बोलणं एक घाव दोन तुकडे. त्यांनी कड्याकडे पाहिलंच नाही.

"मशीन काय म्हणतं ते राहू दे. मला तुम्ही सांगा. औषध सुरू केल्यावर किती वेळाने उठलं?"

"चौथ्या दिवशी."

"डोस दिल्या दिल्या काही? अंगावर गांधी उठल्या? ओठ सुजले? उलटी? श्वासाला घरघर?"

"नाही. पापण्या सुजल्या, पण त्या नंतर. कमरेला खाजवायची आणि तेच हात डोळ्यांना लावायची."

"तोंडाच्या आत फोड? कातडीचे पापुद्रे निघाले?"

"नाही."

"पुरळ सुरू कुठे झालं?"

"बिब्ब्याच्या दोऱ्याखाली. पट्टा आखावा तसं."

डॉ. लोबो खुर्चीत मागे टेकल्या. "सहा वर्षांत हे तुम्हाला कोणीच विचारलं नाही?"

"तुम्ही पहिल्या."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आता दुर्वाच्या ओठांच्या कडांवरचे वाळलेले डाग नीट पाहिले. "ऐका. ॲलर्जीची जी रूपं जीव घेतात, त्यातलं एकही तुमच्या गोष्टीत नाही. अशा मुलाला पूर्वी आम्ही समोर बसवून औषध द्यायचो आणि बघायचो. मी शिकत होते तेव्हा सरांना करताना पाहिलंय. स्वतः कधी केलेलं नाही, हे आधीच सांगते. मला भीती वाटते."

"मलाही वाटते."

"बरं झालं. न भिणाऱ्या आईबरोबर मी हे केलं नसतं."

मग त्यांनी तिला शिकवलं. नुसतं पुरळ आलं तर घाबरायचं नाही. पण पुरळाबरोबर श्वासाची घरघर, आवाज घोगरा होणं, सारख्या उलट्या, पोर मलूल पडणं, यातलं काही दिसलं तर विचार करत बसायचं नाही. मांडीत ॲड्रेनलिन टोचायचं, आडवं झोपवायचं, पाय वर घ्यायचे. ॲड्रेनलिन टोचायला पेनासारखं साधन मिळतं; त्यांनी सरावाचं, बिनसुईचं तसलं पेन मैथिलीच्या हातात दिलं. तिने ते स्वतःच्या मांडीवर इतक्या वेळा दाबलं की साडीखाली वळ उठले.

"पुरे," डॉ. लोबो म्हणाल्या. "मांडी आहे ती, दाराची बेल नाही."

*

चाचणीच्या दिवशी पुष्कर आला नाही. सासूबाई मात्र न विचारता गाडीत येऊन बसल्या. मांडीवर डबा, तोंडाने काहीतरी पुटपुटणं चालू.

औषधाच्या कपाटाने कडं वाचलं आणि गोड आवाजात म्हटलं, "हा निर्णय यंत्राच्या सल्ल्याविरुद्ध आहे. परिणामांची जबाबदारी आपली राहील. पुढे जायचं आहे?" डॉ. लोबोंनी अंगठा ठेवला. मैथिलीने ठेवला. कुलूप उघडलं.

पलंगाशेजारी सगळं मांडून ठेवलं होतं: ॲड्रेनलिन भरलेली सुई, मैथिलीसाठी भरलेलं पेन, प्राणवायूचा मुखवटा, सलाईन. दुर्वाने त्या सगळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कोणासाठी?"

"कोणासाठीच नाही," डॉ. लोबो म्हणाल्या. "असंच असतं. पाऊस नसला तरी छत्री नेतात तसं."

पहिला घोट अगदी छोटा होता, पूर्ण डोसाच्या दहाव्या भागाचा. गुलाबी, गोड वासाचा. सहा वर्षं या वासापासून मैथिली पळत होती. तिने स्वतःच्या हाताने तो पोरीच्या तोंडात सोडला.

मग वाट बघणं. दुर्वा आजीशी भेंड्या खेळत होती, आजी फसवत होती. मैथिली श्वास मोजत होती, ओठ बघत होती, फ्रॉक वर करून पोट बघत होती. काही नाही. तासाभराने उरलेला पूर्ण डोस दिला.

थोडा वेळ गेला आणि कड्याने अचानक किंकाळी फोडली. ते घामातून औषध ओळखणारं होतं. लाल दिवा उघडझाप करायला लागला, भिंतीवरचा पडदाही लाल झाला. "धोका. निषिद्ध औषध. तातडीने उपचार करा." आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला. दुर्वा दचकून रडायला लागली. गाल तापले, छातीचा भाता हलायला लागला. पडद्यावर नाडीचा आकडा वर चढत होता.

रुग्णालयाचे अधीक्षक सामंत धावत आले. "थांबवा! लोबो मॅडम, हे काय चाललंय? टोचा आधी! नाडी बघा किती झाली. ओठ बघा, लाल झालेत!"

डॉ. लोबोंनी सुई उचलली. पण टोचण्याआधी त्या पडद्याकडे बघू लागल्या. मैथिलीला वाटलं, एवढं मोठं यंत्र, एवढे लोक, आणि आपण कोण? तिला पेन हातात घ्यावंसं वाटलं. पेन घ्यायला ती वाकली, आणि सवयीनेच तिने आधी पोरीकडे नीट पाहिलं.

तिने अंगठ्याने दुर्वाचे ओठ पुसले. लाली अंगठ्यावर आली.

"औषधाचा रंग आहे हा," ती म्हणाली. "साहेब, तुम्ही भिंतीकडे बघताय. पोरीकडे बघा."

"अहो बाई, अलार्म..."

"अलार्म सांगतोय की तिने औषध घेतलंय. ते मलाही माहीत आहे, मीच पाजलंय! दुर्वा, जीभ दाखव. आ कर. डॉक्टर, घसा बघा. छाती ऐका. घरघर आहे?"

डॉ. लोबोंनी सुई डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने स्टेथोस्कोप टेकवला. कडं ओरडतच होतं. त्यांनी पाठीवर ऐकलं, पुढे ऐकलं, रक्तदाब घेतला, पोटावरची कातडी बोटाने दाबून पाहिली.

"छाती स्वच्छ. दाब उत्तम. अंगावर एक गांध नाही." त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली, पण हाताशीच. "नाडी वाढलीय कारण पोरगी रडतेय. आणि ती रडतेय कारण हे कडं बोंबलतंय."

"नियमाप्रमाणे मला..."

"नियमाप्रमाणे माझा अंगठा आहे, सर. बसा इथे. तुम्हीपण बघा."

सासूबाईंनी पदराने ते कडं गच्च गुंडाळलं. आवाज दबला. "मेल्या, गप रव," त्या कड्याला म्हणाल्या, आणि रडता रडता दुर्वाला हसू फुटलं.

सामंत खरंच बसले. दुपार होईपर्यंत चौघं मोठी माणसं एका सात वर्षांच्या मुलीकडे टक लावून बघत राहिली. ती मधल्या वेळात डब्यातली दोन घावनं खाऊन झोपी गेली. श्वास शांत होता. मैथिलीने तो ऐकला, पुन्हा ऐकला, आणि मग खिडकीशी जाऊन पाठ वळवून उभी राहिली. तिला कोणालाच आपला चेहरा दाखवायचा नव्हता.

*

उशिरा उठणारं पुरळ असतं, म्हणून डॉ. लोबोंनी आठवडाभर तेच औषध रोज द्यायला सांगितलं आणि घरी लक्ष ठेवायला सांगितलं. मैथिलीला लक्ष ठेव म्हणणं म्हणजे माशाला पोह म्हणण्यासारखं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात आली, तर पुष्कर तिच्या आधीच तिथे होता. दुर्वाला पायरीवर उभं करून, तिचा फ्रॉक वर करून उन्हात पोट बघत होता. मग पाठ. मग कोपराच्या वळ्या.

"बाबा, तुम्हीपण? आईचं झालं की आता तुमचं?"

"हो. पाळ्या लावल्यात आम्ही." मैथिली दिसल्यावर तो जरा ओशाळला. "चौथा दिवस उद्या ना? मी सुट्टी टाकलीय."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. पण चहा तिने दोन कप केला आणि त्याच्याशेजारी पायरीवर येऊन बसली.

चौथा दिवस गेला. पाचवा गेला. आठवडा संपला. दुर्वाच्या अंगावर माती, खरचटलेला गुडघा आणि शाईचे डाग सोडून काहीही उठलं नाही.

डॉ. लोबोंनी सगळं लिहून स्मृतिवाचकाच्या लोकांना कळवलं, बिब्ब्यासकट. उत्तर आलं की एका उदाहरणावरून निकाल बदलता येत नाही. कडं लालच राहील.

"मग राहू दे," मैथिली म्हणाली. "इंजेक्शन कधी?"

*

या वेळी चौघंही गेले. कपाटाने कडं वाचलं. "हा निर्णय यंत्राच्या सल्ल्याविरुद्ध आहे. पुढे जायचं आहे?"

डॉ. लोबोंचा अंगठा टेकला. मैथिली हात पुढे करणार, तोच पुष्करने तिला जरा बाजूला सारलं आणि स्वतःचा अंगठा काचेवर ठेवला. ठेवताना त्याच्या कपाळावर घाम होता.

"प्रत्येक वेळी हाच प्रश्न विचारला जाईल," कपाट म्हणालं.

"विचार," मैथिली म्हणाली. "दर तीन आठवड्यांनी विचार. ती मोठी होईपर्यंत विचार. आम्ही येत राहू."

कुलूप उघडलं. पेनिसिलिनचं हे इंजेक्शन दाट असतं आणि भयंकर दुखतं. दुर्वाला ते कोणी सांगितलं नव्हतं. सुई आत गेली आणि तिने असं काही भोकाड पसरलं की बाहेरच्या बाकांवरची पोरं चिडीचूप झाली.

"तू वाईट आहेस! सगळे वाईट आहात! आजीपण!"

कडं ओरडत होतं, भिंत लाल होत होती, आणि त्या सगळ्यावर मात करून पोरगी ओरडत होती. मोकळ्या घशाने, भरल्या छातीने. मैथिलीने तिला उराशी धरलं आणि तिच्या पाठीवर तळवा ठेवला. आत हवा जात होती, बाहेर येत होती, कुठेही अडत नव्हती.

"रड," ती म्हणाली. "अजून जोरात रड, बाळा. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाऊ दे."